सात नंबरचं मशीन आणि भोपळ्याची वॉफलं

नवनाथ ढवळे कळंब तालुक्यातून पिंपरीला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. काळेवाडीत एका खोलीत पाच जण राहायचे, पाचही जण चाकणच्या वेगवेगळ्या कंपन्यांत. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या होत्या, पण त्या महिनाभरच टिकल्या. नवनाथच्या हातची भाकरी खाल्ल्यावर दुसऱ्याच्या हातची कुणाच्या घशाखाली उतरेना. परातीत तो भाकरी थापायला लागला की कडेला एक चीर पडायची नाही. पुढे लग्न होऊन दीपमाला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने कबूल करून टाकलं, "भाकरी तुम्हीच करा बाई. मला लाज वाटते."

कंपनीतही त्याला नाव मिळालं ते हातांमुळेच. गाडीच्या दारांना लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या तिथे दाबून काढत. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली यायचा, तयार पट्टी उचलायची आणि लगेच पुढचा पत्रा. सतरा वर्षं तो हेच करत होता आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं सात नंबरच्या मशीनवर. नव्या माणसांना शिकवायचं झालं तर साहेब त्याच्यामागे आणून उभं करायचे.

मशीनच्या तोंडाशी एक सेन्सर होता. हात आत असला की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण हात थोडा जवळ गेला तरी ते थांबायचं, आणि थांबलं की माल कमी निघायचा. म्हणून महिनाअखेरीला सुपरवायझर खिशातली किल्ली फिरवून सेन्सर बंद करायचा. हे शॉपमधल्या सगळ्या कामगारांना माहीत होतं. नवनाथलाही माहीत होतं आणि त्याने कधी हरकत घेतली नव्हती.

आषाढातल्या अशाच एका महिनाअखेरीला, दुपारी चारच्या सुमाराला, त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दीड महिन्याने तो घरी आला तो गप्पच होऊन. विम्याच्या दवाखान्यात उपचार झाले होते आणि कंपनीतून "आराम करा, बघू पुढचं" असा निरोप होता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायला बसला की डाव्या हाताने कसाबसा खायचा, सांडलं की ताट सरकवून उठायचा. मुलगी स्वरूपा आठवीत होती. ती शाळेतून आली की तो उजवा हात उशीखाली घालायचा. एकदा तिने हळूच विचारलं, "पप्पा, अजून दुखतं का?" तर तो म्हणाला, "न्हाई." आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

घर आता दीपमालाच्या कामावर चाललं होतं. पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत ती एका अमेरिकन कुटुंबाकडे स्वयंपाक करायची. साहेब चाकणला नवा प्लांट उभा करायला आलेले, बाई घरीच असायच्या. मेगन त्यांचं नाव, दीपमाला त्यांना मेगनमॅडम म्हणायची. ऑक्टोबर लागला की या मॅडमना गावाची आठवण यायची. त्यांच्याकडे म्हणे तेव्हा झाडं लाल होतात, सकाळी तोंडातून वाफ निघते आणि घरोघरी लाल भोपळ्याचं काही ना काही करतात. इथे बाहेर अंग भाजणारं ऊन, पण मॅडम रविवारी सकाळी एसी वाढवून, अंगावर लोकरीचा शर्ट घालून भोपळ्याची वॉफलं करायच्या. दीपमालाने ती बघून बघून शिकून घेतली. दोन लोखंडी पाट असलेलं विजेचं यंत्र, दोन्ही पाटांवर चौकटी चौकटींची नक्षी, मध्ये पीठ ओतायचं आणि वरचा पाट मिटायचा.

घरी येऊन ती स्वरूपाला सांगायची, "आपले घारगे कसे असतात ना, तसाच वास. पण आतून मऊ आणि वरून कुरकुरीत. तळायचं नाही."

"मला कधी करून देशील?"

"यंत्र कुठंय आपल्याकडे?"

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर साहेबांचं इथलं काम संपलं आणि ते कुटुंब परत निघालं. मॅडमनी जाताना भांडीकुंडी वाटून टाकली. दीपमालाच्या वाट्याला ते यंत्र आलं. एक नोकरी गेली आणि एक यंत्र आलं, असं ती हसत म्हणाली खरी, पण पिशवी खाली ठेवताना तिचे डोळे भरलेले नवनाथने पाहिले.  

पहिल्याच रविवारी स्वरूपा सहालाच उठून बसली. घरात एक अख्खा भोपळा होता, नवनाथच्या आईने गावाकडून पाठवलेला. पण बायकांनी अख्खा भोपळा चिरायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची, ही त्यांच्याकडची रीत. नवनाथ तर सुरीकडे बघतही नव्हता. त्याला सांगायला दीपमालाचा जीव धजावला नाही. तिने मंडईतून भोपळ्याची फोड आणली, कुकरमध्ये वाफवली, फडक्यात बांधून पाणी गाळलं आणि गर कुस्करला. मैदा, थोडी कणीक, लिंबू पिळून फाडलेलं दूध, दोन अंडी, वितळलेलं लोणी, गूळ. दालचिनी, सुंठ आणि जायफळ तिने खलबत्त्यात कुटलं. खोलीभर वास सुटला. नवनाथ दाराजवळ खुर्चीवर बसून होता. त्याने मान वळवून बघितलं, हे दीपमालाच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

यंत्र जमिनीवर लाकडी पाटावर ठेवलं होतं. लाल दिवा हिरवा झाला. दीपमालाने पळीने पीठ ओतलं. ते एका बाजूला गोळा झालं म्हणून स्वरूपा चमच्याने पसरायला वाकली.

"झालं का? मिटते हं," दीपमाला म्हणाली आणि तिने वरचा पाट खाली घेतला.

"हात काढ!"

असा आवाज त्या खोलीत कधी निघाला नव्हता. नवनाथ खुर्चीवरून झेपावला, डाव्या हाताने त्याने स्वरूपाचा दंड धरून तिला मागे खेचलं. यंत्र कलंडलं. तापलेला पाट पोरीच्या मनगटाला लागला, पिठाचं पातेलं उपडं झालं. स्वरूपा भिंतीशी जाऊन पडली. हात आत गेलाच नव्हता. जायचाही नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या सावित्रीबाई धावत वर आल्या आणि दारातच थांबल्या.  फरशीवर केशरी पीठ पसरत होतं.

स्वरूपाने मनगट तोंडाशी धरलं होतं. रडत रडतच ती म्हणाली, "पप्पा, ते मशीन नाहीये. नाश्त्याचं आहे ते."

नवनाथने पायात चपला अडकवल्या आणि तो निघून गेला. पवनेच्या पुलाशी तो दुपारपर्यंत बसून होता. परत आला तेव्हा फरशी पुसलेली होती, यंत्र माळ्यावर गेलं होतं, आणि स्वरूपाच्या मनगटावर बोटभर लांबीचा फोड होता. त्याने तो पाहिला. हळद लावली का, एवढंच विचारलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ज्योतीरामचा फोन आला. ज्योतीराम शेजारच्या मशीनवर होता, अपघात झाला तेव्हा नवनाथला उचलणारा पहिला माणूस तोच.

"नवनाथभाऊ, उद्या पूजा हाय. साहेबांनी खास तुम्हाला बोलावलंय. कामाचं पण बोलायचं म्हणत होते."

दीपमालाने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि बटणं लावून दिली. सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याच्या नेहमीच्या जागेवर कुणी बसलं नाही. ती जागा रिकामी ठेवून सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला तिथे बसवेना.

शॉप झाडून धुऊन चकचकीत केलं होतं. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ आणि आंब्याचा डहाळा. सात नंबरलाही. सेन्सरच्या डबीवर कुणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं आणि तिच्या बाजूचा किल्लीचा खटका बंदकडेच फिरवलेला होता. मशीनसमोर नवा ऑपरेटर उभा होता, चिमाजी नावाचा, हिंगोलीकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. तो नवनाथच्या पाया पडायला वाकला.

"सेन्सर चालू करून घे," नवनाथ हळूच म्हणाला.

"करतो की, भाऊ."

"करतो न्हाई. आत्ता सांग त्यांना."

चिमाजीने सुपरवायझरकडे एक नजर टाकली आणि मान खाली घातली. तेवढ्यात मशीनसमोर कोहळा फोडला, त्यात कुंकू कालवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पूजा झाल्यावर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, पेढा दिला. गेटवर माणूस हवा होता. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची, बसून काम. उद्यापासूनच. फक्त एका कागदावर सही राहिली होती, अपघाताच्या. त्यात लिहिलं होतं की सेन्सर चालू स्थितीत होता आणि तो कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर बंद केला.

"साहेब, किल्ली माझ्याकडं नसती."

"अहो ढवळे, फाईल बंद करायची आहे. तुमच्यावर कुठं काही येतंय?"

नवनाथने दाराकडे पाहिलं. बाहेर ज्योतीराम पेढ्याचा बॉक्स घेऊन उभा होता. "ज्योतीराम, तू होतास की. तू सांग."

ज्योतीराम बॉक्सच्या झाकणाची दोरी सोडवत राहिला. मग म्हणाला, "माझं मशीन जरा लांब पडतं, साहेब. मला काय दिसलं न्हाई."

नवनाथला तेव्हा राग आला नाही. ज्योतीरामची दोन्ही पोरं शाळेत होती. आपणही नऊ वर्षं गप्पच होतो, हे त्याला आठवलं. दीपमालाचं काम गेलं होतं. त्याने डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी सही केली. घरी येऊन त्याने फक्त गेटवरची नोकरी मिळाल्याचं सांगितलं. दीपमालाने देवापुढे साखर ठेवली.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी दीपमालाला पहाटे जाग आली ती खुडबुडीने. नवनाथ ओट्याशी उभा होता. गावाकडचा भोपळा त्याने उजव्या मनगटाखाली दाबून धरला होता आणि डाव्या हातात सुरी होती. सुरी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. ती उठायला लागली तर त्याने मानेनेच नको म्हटलं. तिसऱ्या वेळी सुरी आत गेली. दोन फाकी व्हायला त्याला पाव तास लागला आणि त्याचा सदरा घामाने भिजला.

"पुढचं सांग," तो म्हणाला. "काय काय घालायचं?"

ती अंथरुणातूनच सांगत गेली आणि तो करत गेला. अंडं फोडताना टरफल आत पडलं, ते त्याने अंगठ्याने काढलं. पीठ घोटताना पातेलं फिरायला लागलं तेव्हा स्वरूपा उठून आली आणि तिने ते धरलं. यंत्र माळ्यावरून काढून दिलं तेही तिनेच. तिच्या मनगटावरचा फोड सुकून काळा पडला होता.

हिरवा दिवा लागला. नवनाथने पीठ ओतलं. मग तो थांबला. वरचा पाट उघडा होता आणि त्याचा हात त्या दांडीवर होता. 

"मी मिटू का?" स्वरूपाने विचारलं.

"तू मागं सर."

ती सरकली. त्याने डोळे मिटून पाट खाली घेतला. आवाज असा काही झालाच नाही. नुसतं चर्र झालं आणि कडेने वाफ निघायला लागली. वाफ थांबली की झालं, असं दीपमालाने सांगितलं होतं. तो वाफेकडे बघत उभा राहिला.

पहिलं फाटलं. दुसरं नीट निघालं, तांबूस, चौकटी चौकटींचं. मॅडमकडे त्यावर कसलासा झाडाचा पाक घालायचे. दीपमालाने काकवी ओतली आणि तुपाचा गोळा ठेवला. स्वरूपाने तोडून तोंडात घातलं. ती हसली. आषाढानंतर त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

"पप्पा, घारग्यापेक्षा भारी झालंय! तुम्ही खा ना."

नवनाथ तिच्यासमोर बसला. त्याला गप्प राहता आलं असतं. पण पोरगी आपल्याकडे बघून हसते आहे आणि आपण काहीतरी लपवतो आहोत, हे त्याला सोसेना.

"मी एक सही करून आलोय," तो म्हणाला. "पूजेच्या दिवशी. सेन्सर मीच बंद केला होता, असं लिहिलेल्या कागदावर."

दीपमालाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुम्ही केला होता?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. त्याबिगर नोकरी न्हवती."

दीपमालाने वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, "बरं केलंत," आणि मग तोंड फिरवून ओटा पुसायला लागली. स्वच्छ ओटा ती पुसतच राहिली.

स्वरूपा मात्र त्याच्याकडेच बघत होती. "म्हणजे चूक तुमची होती, असं झालं आता?"

"कागदावर तसंच."

"आणि ते मशीन तसंच आहे?"

 स्वरूपाने बशी सरकवली. ती रागावली नव्हती. तिला खरंच आणखी खाववलं नाही. यंत्रात तिसरं वॉफल होतं, ते करपल्याचा वास आला तेव्हा कुठे दीपमालाने वळून वीज बंद केली.

गेटवरच्या कामाला तो रोज जायचा. पहिल्या शिफ्टची बस आली की चिमाजीला थांबवून विचारायचा, "सेन्सर?"

"चालू हाय, भाऊ."

रोज तेच विचारणं, रोज तेच उत्तर. चिमाजी सांगताना त्याच्याकडे बघायचा नाही आणि नवनाथही फार खोलात शिरायचा नाही.

पौषात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, शॉपकडून माणसं पळत आली. "गेट उघडा, गेट उघडा!" गाडीच्या मागच्या सीटवर ज्योतीराम होता आणि त्याच्या मांडीवर चिमाजी. नवनाथने गेट उघडलं. गाडी गेल्यावर नोंदवहीत नंबर लिहायचा होता. त्याला तो आठवला नाही.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. चिमाजीची दोन बोटं गेली होती. त्याची बायको कॉटच्या पायथ्याशी बसली होती, ती डबा धुवायला उठून गेली.

"खंडेनवमीला मी खोटी सही दिली," नवनाथ उभ्याउभ्याच म्हणाला. "सेन्सर मी बंद केला म्हणून. त्यांची फाईल बंद झाली आणि मशीन तसंच राहिलं. तुला हे माहीत असावं म्हणून आलो."

चिमाजीने बँडेजचा हात पोटाशी घेतला. "भाऊ, रोज गेटवर मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

"मला कळत होतं."

"हे दुखणं किती दिवस राहतं?"

खोटा धीर द्यावा असं नवनाथला वाटलं, पण त्याने दिला नाही. "थंडीत जास्त दुखतं. नसलेली बोटं दुखतात."

त्या संध्याकाळी त्याने स्वरूपाला वही काढायला लावली आणि कारखाने निरीक्षकांच्या नावे अर्ज सांगितला. किल्ली कुणाकडे असायची, महिनाअखेरीला काय व्हायचं, त्याने स्वतः नऊ वर्षं कसं चालवून घेतलं आणि शेवटी कोणत्या कागदावर का सही केली. ते सांगताना तो अडखळला. स्वरूपा पेन थांबवून बसली, मग म्हणाली, "हे पण लिहायचं? तुमचंच नाव खराब होईल."

"लिही."

अर्ज दिल्यावर आठ दिवसांत गेटवर दुसरा माणूस आला. ज्योतीरामने फोन उचलणं बंद केलं. अधिकारी येऊन पाहणी करून गेले, सात नंबर मशीन काही दिवस बंद राहिलं. मग कळलं की चिमाजीपुढेही तसाच कागद ठेवला होता आणि त्याने सही केली. त्याला आता गेटवर बसवलं आहे. नवनाथला हे सांगितलं त्याच कंपनीत लागलेल्या सावित्रीबाईंच्या मुलाने, जरा चिडूनच, पण नवनाथ चिमाजीला एक शब्दही बोलला नाही.

अर्जाची चौकशी अजून चालू आहे. दीपमालाला संत तुकाराम नगरात दोन घरचा स्वयंपाक मिळाला आहे. तारीख असली की नवनाथ एकटाच बसने जातो, नाव पुकारायची वाट बघत बाकावर बसतो आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगतो. परत आला की स्वरूपा विचारते, "काय म्हणाले?"

"पुढची तारीख दिली," तो सांगतो, आणि उजवा हात मांडीवर उघडाच ठेवून जेवायला बसतो.